पाळी, इन्शुलिन आणि आपले स्वयंपाकघर

आपल्याकडे मुलीच्या पाळीविषयी घरात दोनदाच बोलले जाते. एकदा ती पहिल्यांदा येते तेव्हा, आणि पुढे ती येईनाशी होते तेव्हा. दुसऱ्या वेळचे बोलणे बहुधा एका वाक्यात संपते, "लग्न झाले की होईल सगळे सुरळीत." मुरुडसारख्या गावात गृहविज्ञान शिकवताना हे वाक्य मी अनेक मुलींकडून ऐकले आहे. म्हणूनच या विषयावर चार गोष्टी स्पष्टपणे लिहाव्यात असे वाटले.

पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणे, हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे, अशी लक्षणे एकत्र दिसली की डॉक्टर 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम', म्हणजेच पीसीओएसचा विचार करतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली अशा सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांचे लक्ष अंडाशयावर होते, म्हणून नावही अंडाशयाचेच पडले. सोनोग्राफीत दिसतात त्या वास्तविक गाठी नसतात. स्त्रीबीजाच्या, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या पिशव्या असतात.

ही वाढ का थांबते? पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत याचे उत्तर इन्शुलिनमध्ये सापडते. इन्शुलिन म्हणजे पेशीच्या दारावर थाप मारणारा निरोप्या. थाप ऐकली की पेशी दार उघडून रक्तातील साखर आत घेते. काहींच्या पेशींना ही थाप नीट ऐकू येत नाही. मग स्वादुपिंड अधिक निरोपे धाडते. साखर आटोक्यात राहते, त्यामुळे साध्या तपासणीत काही सापडत नाही. परंतु रक्तातील इन्शुलिन वाढलेलेच असते. यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. अंडाशयाला मात्र ही थाप चांगली ऐकू येते! प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असणारी पुरुषी संप्रेरके ते जास्त प्रमाणात बनवू लागते. बीज पक्व होत नाही आणि पाळी लांबते. कित्येकींच्या मानेवर काळसर, मखमली पट्टा येतो. मळ समजून मुली तो दगडाने घासतात. पण तो घासून जाणारा मळ नव्हे, वाढलेल्या इन्शुलिनची ती खूण असू शकते.

"मी तर काडीसारखी, मला कसला आजार?" असेही कोणी म्हणेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचे उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! सडपातळ भारतीय देहातही चरबी दडलेली असते, आणि तिच्याबरोबर इन्शुलिन-प्रतिरोधही.

लग्नाने यातले काहीही बदलत नाही. उपचार न केल्यास पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, आणि वर्षानुवर्षे पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही. उलट वेळीच उपचार घेतल्यास यातील बहुसंख्य स्त्रियांना मूल होऊ शकते.

मग करावे काय? उपाशी राहू नये. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे बव्हंशी पिष्टच. तिने साखर झपाट्याने चढते. लातूर ही तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ. तेव्हा घट्ट वरण, मोडाची मटकी, मेथी-पालक यांचा वाटा ताटात वाढवावा आणि भाकरी-भाताचा बेताचा ठेवावा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. दिवसातून चार वेळा होणारा गोड चहा कमी करावा. चालताना स्नायू इन्शुलिनच्या थापेवाचूनही साखर ओढून घेतात; म्हणून आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालावे, किशोरींनी तर रोज तासभर खेळावे. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के उतरले तरी, म्हणजे ७० किलोच्या बाईचे साडेतीन ते सात किलो, पाळी पुष्कळदा मार्गावर येते. मेटफॉर्मिन किंवा पाळीच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तरच घ्याव्यात. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नयेत.

पहिल्या पाळीनंतर दोन-तीन वर्षे थोडी अनियमितता असतेच. तेवढ्याने घाबरू नये. त्यानंतरही दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, किंवा वर्षातून आठांहून कमी पाळ्या येत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. जाताना दिनदर्शिकेवर तारखा खुणावून न्याव्यात आणि थायरॉइडबरोबर साखरेचीही तपासणी करावी लागेल का, हे विचारावे. आणि बरोबर आईला न्यावे. हे सारे तिलाही कोणी कधी सांगितलेले नसते.