पाश्चात्त्य वास्तुशैली आणि छपराचें ओझें

युरोपांतील एखाद्या जुन्या शहरांतून हिंडणाऱ्या प्रवाशाला थोडक्याच अंतरांत वाटोळी कमान, टोंकदार कमान, घुमट आणि कांचेची सपाट भिंत हीं सारीं दिसतात. हे पालट केवळ रुचीचे, पागोटें जाऊन टोपी आली अशा जातीचे, असा समज होणें स्वाभाविक आहे. रुचीचा, धर्माचा आणि राजवैभवाचा भाग त्यांत आहेच. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एक साधा प्रश्न आहे: माणसांच्या डोक्यावर छप्पर धरावयाचें, तर त्याचा भार कोणीं वाहावयाचा? या प्रश्नाला त्या त्या काळानें जें उत्तर दिलें, त्यालाच पुढें बहुधा शैली हें नांव मिळालें.

ग्रीकांचें उत्तर सर्वांत सरळ होतें. दोन खांब उभे करावे व त्यांवर आडवी शिळा ठेवावी. अथेन्स येथील पार्थेनॉन हें देवालय इ. स. पूर्व ४४७ मध्यें बांधावयास घेतलें. त्याच्या बाहेरच्या रांगांतील ४६ खांब सुमारें ३४ फूट उंच आहेत. दगड उभ्या दाबाखालीं प्रचंड भार सोसतो. पण तोच दोन टोंकांवर आडवा ठेवला कीं मध्यें तडकूं लागतो. म्हणून खांब जवळ जवळ ठेवणें भाग पडलें. खांबांच्या त्या ओळींची गंभीर शोभा, अशा रीतीनें, दगडाच्या दुबळेपणांतूनच जन्मास आली.

रोमन लोकांनीं हा दुबळेपणा कमानीनें टाळला. कमान त्यांच्यापूर्वींही ठाऊक होती. ती एवढ्या विस्तारानें वापरण्याचें धाडस मात्र त्यांचें. कमानींतील प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबून धरतो, त्यामुळें लहान लहान दगडांनीं मोठें अंतर तोलतां येतें. चुना व ज्वालामुखीची राख यांच्या काँक्रीटनें त्यांनीं हीच युक्ति घुमटापर्यंत नेली. रोममधील पँथिऑनचा, इ. स. १२६ च्या सुमाराचा घुमट आंतून १४२ फूट रुंद आहे. तो माथ्याकडे पातळ होत जातो, आणि वरच्या थरांत मुद्दाम हलका दगड घातला आहे. पण कमानीची एक खोड आहे. ती भार खालीं देते, तसाच तो बाजूलाही ढकलते. हा रेटा थोपविण्यासाठीं पँथिऑनची भिंत वीस फूट जाड करावी लागली.

पुढें अकराव्या-बाराव्या शतकांतील ख्रिस्ती मंदिरांनीं हाच मार्ग धरला. दगडी छताखालीं भिंती जाड, खिडक्या लहान आणि आंत अंधार. देवाचें घर किल्ल्यासारखें भासे. या अंधारांतून वाट काढली ती पॅरिसजवळील सँ-दनी येथील मठाधिपति स्युजे याच्या कारागिरांनीं. १११४ नंतर तीस वर्षांनीं, म्हणजे ११४४ मध्यें, तेथील नव्या गाभाऱ्याची प्रतिष्ठा झाली आणि गॉथिक शैलीचा उदय झाला असें मानतात. टोंकदार कमान वाटोळ्या कमानीपेक्षां बाजूला कमी ढकलते. छताच्या दगडी फासळ्या सगळा भार ठराविक खांबांवर गोळा करतात. आणि कालांतरानें भिंतीबाहेर अधांतरीं कमानींचे टेकू आले, त्यांनीं उरलेला रेटा दूर नेऊन जमिनींत सोडला. भिंतीचें ओझें उतरलें. तिच्या जागीं रंगीत कांच आली.

या यशानें उंचीची स्पर्धा लागली, आणि तिची किंमत उत्तर फ्रान्समधील बोव्हे या गांवानें मोजली. तेथील मंदिराचा गाभारा १२७२ मध्यें पुरा झाला. छताची उंची सुमारें १५७ फूट. अवघ्या बारा वर्षांनीं, १२८४ मध्यें, त्या छताचा कांहीं भाग कोसळला. मध्यें अधिक खांब घालून तो पुन्हां उभारला. १५६९ मध्यें त्याच मंदिरावर सुमारें पांचशें फूट उंचीचा मनोरा चढविला; चार वर्षांत तोही पडला. मंदिराचें मुख्य दालन आजतागायत बांधलें गेलेलें नाहीं.

इटलींत मन पुन्हां प्राचीन रोमकडे वळलें. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्की यानें १४२० ते १४३६ या काळांत तेथील मुख्य मंदिराचा घुमट बांधला, तोही खालून लांकडी सांगाड्याचा आधार न देतां! एकांत एक अशीं दोन कवचें, आणि एकमेकींत अडकणाऱ्या विटांची रचना, यांमुळें बांधकाम चढत असतांना स्वतःच स्वतःस धरून राहिलें. लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत (१६७५ ते १७१०) क्रिस्टोफर रेन यानें निराळीच वाट धरली. बाहेरून दिसणारा घुमट लांकडाचा व शिशानें मढविलेला आहे. माथ्यावरील दगडी मेघडंबरीचा भार मात्र आंत दडलेला विटांचा शंकु वाहतो. दिसणारें एक आणि वाहणारें दुसरें, ही फारकत येथें स्पष्ट झाली.

लोखंडानें ती पूर्ण केली. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचें १८६८ मधील लोखंडी छप्पर मध्यें एकही खांब न घेतां सुमारें २४० फूट पसरलें आहे. त्याच्यापुढें मात्र गिल्बर्ट स्कॉट यानें गॉथिक थाटाची विटांची इमारत उभी केली. याच स्कॉटच्या आराखड्यावरून मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला. दगड कुर्ल्याचा, वरील मूर्ति पश्चिम भारतांतील जातिजमातींच्या, आणि शैली फ्रान्समधील अंधाराशीं झगडून जन्मलेली. मुंबईस ती गरज म्हणून नव्हे, प्रतिष्ठा म्हणून आली.

पुढें शिकागो येथें १८८५ च्या दहा मजली होम इन्शुरन्स इमारतींत भाराचा मोठा भाग धातूच्या सांगाड्यानें उचलला. त्या मार्गानें भिंत अखेर पडद्याइतकी हलकी झाली आणि शिल्पज्ञाला हवा तो वेष निवडण्याची मोकळीक मिळाली. परंतु मोकळीक आली कीं जबाबदारीही येते. दगडाच्या काळीं खोटेपणाला शिक्षा तत्काळ होई. बोव्हेचें छत त्याची साक्ष आहे. आज ती इतक्या लवकर होत नाहीं. म्हणूनच कोणत्याही इमारतीपुढें उभ्या राहणाऱ्यानें प्रथम तिची शोभा न पाहतां, ओझें कोण वाहतें आहे हें विचारावें. शैलीचा अर्थ त्या उत्तरांत सांपडतो.