प्रतिजैविके आणि हृदयाची लय

घसा दुखू लागला की घरी उरलेल्या गोळ्या घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. शिक्षकबंधुभगिनींनी पालकसभेत पुढील माहिती अवश्य समजावून द्यावी.

हृदयाचा प्रत्येक ठोका सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने पडतो. ठोका पडताच हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर जाते व त्या पुढील ठोक्यास सिद्ध होतात. ॲझिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके हा मार्ग अडवून ही सिद्धता लांबवू शकतात. असे क्वचितच घडते; परंतु घडल्यास हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तसा इशारा दिला आहे.

पूर्वीचा हृदयविकार असणारे, हृदयाच्या लयीवर औषध घेणारे, तसेच जुलाब-उलट्यांनी ज्यांच्या रक्तातील पोटॅशियम घटले आहे, अशांस धोका अधिक. त्यांनी ही हकीकत डॉक्टरांस आधीच सांगावी. औषध चालू असता धडधड वा मूर्च्छा आल्यास तत्काळ दवाखाना गाठावा.

तथापि भीतीपोटी उपचार टाळणेही घातक होय. मुलांच्या घशातील विशिष्ट जंतुसंसर्गावर वेळीच दिलेले पेनिसिलिन संधिवातज्वरापासून त्यांच्या हृदयाच्या झडपांचे रक्षणच करते. सारांश, औषध वैरी नव्हे. सल्ल्यावाचून घेतलेले औषध वैरी ठरू शकते.