क्रिस्तपुराण आणि लोकांची भाषा

विद्यार्थिमित्रहो, 1517 सालीं मार्टिन लूथर यानें विटेनबर्ग येथें आपलीं 95 विधानें प्रसिद्ध केलीं आणि युरोपांत धर्मसुधारणेची चळवळ सुरू झाली, हें तुम्हीं इतिहासांत वाचलेंच असेल. परीक्षेपुरती ही सनावळी पाठ होते. परंतु ह्या चळवळीचा आपल्या मराठी भाषेशीं कांहीं संबंध आहे काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. संबंध आहे, व तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

त्या काळीं पश्चिम युरोपांतील देवळांत पवित्र शास्त्र लॅटिन भाषेंत वाचीत, आणि शेतकऱ्यास वा सुतारास ती भाषा कळत नसे. लूथरनें 1522 सालीं नवा करार व 1534 सालीं संपूर्ण बायबल घरोघर बोलल्या जाणाऱ्या जर्मन भाषेंत आणिलें. विल्यम टिंडेल ह्या इंग्रज विद्वानाचा इंग्रजी नवा करार 1526 सालीं परदेशांत छापला गेला आणि चोरून इंग्लंडांत न्यावा लागला. पुढें 1536 सालीं टिंडेलला देहान्त शासन झालें.

त्याच शतकांत गोदातीरीं पैठणास एकनाथ महाराज होते. त्यांनीं 1573 सालीं काशीक्षेत्रीं भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पुरी केली, व 1584 सालीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या विदर्भांत रिद्धपुरच्या महानुभावांनीं तर त्याच्याही तीनशें वर्षें आधीं मराठीस धर्मभाषेचा मान दिला होता. पैठण आणि विटेनबर्ग ह्यांची एकमेकांस ओळख नव्हती. परंतु ईश्वराचें वचन पंडितांच्याच कुलुपांत राहावें काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

हे दोन प्रवाह गोव्यांत एकत्र आले. लूथरच्या चळवळीनंतर कॅथलिक मंडळीनेंही आपली सुधारणा हातीं घेतली, आणि 1540 सालीं मान्यता पावलेला येशूसंघ तिचा मोठा आधार झाला. इंग्लंड प्रॉटेस्टंट झालें असतां तेथील थॉमस स्टीफन्स हा कॅथलिक तरुण रोमला जाऊन 1575 सालीं ह्या संघांत शिरला, आणि 1579 सालीं गोव्यास पोंचला. पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यानें मुख्यतः साष्टी प्रांतांत काढलीं, आणि मराठी व कोंकणी ह्या दोन्ही भाषा आत्मसात् केल्या.

तो काळ सुखाचा नव्हता. पोर्तुगीज अंमलांत साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं होतीं आणि जुनीं धर्मपुस्तकें नष्ट करण्यांत आलीं होतीं. ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनीं झांकून ठेवूं नये. जुनें पुराण हातचें गेलें आणि नवें मिळालें नाहीं, अशी नवख्रिस्त्यांची स्थिति झाली. आम्हांस आमच्या भाषेंत पुराण कां नसावें, ही त्यांची मागणी ग्रंथाच्या आरंभींच आली आहे. स्टीफन्सनें ती ऐकिली, आणि 1616 सालीं रायतूर येथें क्रिस्तपुराण छापून निघालें.

ह्या ग्रंथांत सुमारें 11 हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. स्वर्गास कवि निःसंकोच वैकुंठ म्हणतो. देवनागरी ठसे नसल्यामुळें ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला, परंतु भाषा व छंद आपलेच राहिले. स्टीफन्स 1619 सालीं वारला. त्याच्यामागें 1649 व 1654 सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला.

परंतु ज्या सत्तेच्या छायेंत हा ग्रंथ झाला, तिनेंच 1684 सालीं हुकूम काढिला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. भाविकांनीं हातानें नकला केल्या, ओव्या गाइल्या. अशा हस्तलिखितांवरून 1907 सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें तो रोमन लिपींत छापविला, आणि 1956 सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून तो देवनागरींत काढिला.

ह्यावरून एवढें दिसतें कीं, धर्माची सुधारणा हुकुमानें मनांत उतरत नाहीं. ती लोकांच्या जिभेवर बसली तरच टिकते. सरकारी फर्मान पुस्तकांत राहिलें. ओव्या मात्र घरांत राहिल्या.

पालकांसही एक विनंती आहे. मुलें शाळेंत इंग्रजींत जें शिकतात, तें त्यांस सायंकाळीं मराठींत सांगावयास लावावें. जें आईला मायबोलींत समजावून सांगतां येतें, तेवढेंच खरोखर आपलें झालें असें समजावें. स्टीफन्सला परक्याची भाषा शिकावयास कष्ट पडले. आपणांस तर ती जन्मतःच मिळाली आहे.