एका शब्दाचा पैसा

आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. करारातील एकेका शब्दासाठी रात्री जागवलेली. ‘आणि नेमून देतील ती इतर कामे’ एवढेच शब्द करारात शिरले, की यंत्राला तेल घालणाऱ्याच्या हाती उद्या झाडू येतो. म्हणून दादरच्या चार बायकांच्या खानावळीचे जाहिरातीचे बिल आमच्यापुढे आले, तेव्हा विषय नवा असूनही दुखणे ओळखीचे वाटले.

खानावळ हा गिरणगावातील बायकांचा जुना उद्योग. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि अशा बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. पूर्वी गिऱ्हाईक चाळीच्या जिन्याने येई; आता ते मोबाईलवर शोधत येते.

शोधयंत्रावरील जाहिरातीची रीत अशी. आपण काही शब्द निवडावयाचे. कोणी तसा शोध घेतला, की जाहिरातदारांचा क्षणार्धात लिलाव होतो व जाहिरात दिसते. नुसत्या दिसण्याला दाम नाही. तीवर टिचकी मारली की पैसे कापले जातात. समजा टिचकीला १० रुपये, आणि डबा ८० रुपयांचा. आठ पोकळ टिचक्यांत एक डबा बुडाला!

परंतु आपला शब्द आणि गिऱ्हाइकाचा शब्द किती जुळला म्हणजे जुळला? हे आपणच सांगावयाचे असते. गूगलचे नियम घ्या. शब्द मोकळा लिहिला तर ब्रॉड मॅच : त्याच्याशी संबंधित वाटेल अशा कोणत्याही शोधावर जाहिरात जाऊ शकते. काही न सांगितल्यास हाच प्रकार लागू. आमची ‘इतर कामे’ ती हीच. अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज मॅच : त्या शब्दांचा अर्थ शोधात आला पाहिजे, मागेपुढे अधिक चालेल. चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट मॅच : अर्थ वा हेतू तोच हवा. ‘नेमका’ म्हणजे एके काळी खरोखरच नेमका असे. २०१४ पासून त्यात अनेकवचने व चुकलेली अक्षरे सक्तीने आली, २०१७ मध्ये शब्दांचा क्रम सैल झाला, २०१८ मध्ये समानार्थी शोधही आले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. इथे जाहिरातदाराला तसले कलम कुठले? असो.

बायकांनी ‘दादर डबा’ हे शब्द मोकळेच सोडले होते. आता मराठीत डबा जेवणाचा, तसा लोकलचाही. शेअरबाजारातला बेकायदा ‘डब्बा’ तो निराळाच. कोणत्या शोधावर पैसे गेले याची यादी मिळते (सगळे शोध तीत दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे). ती वाचली तर कोणाला पंधरा डब्यांच्या गाडीची वेळ हवी होती, कोणाला डबे पोचवण्याची नोकरी. त्या बेकार पोराचा राग कसा यावा? पण त्याच्या टिचकीचे पैसे पोळ्या लाटणाऱ्या बाईने भरले होते.

यावर उपाय निगेटिव्ह शब्दांचा. ज्यांवर जाहिरात दाखवू नये असे शब्द. आम्ही ऐटीत सांगितले, ‘नोकरी’ बंद करा, ‘लोकल’ बंद करा. इथे आमचेच शहाणपण नडले. निगेटिव्ह शब्द अनेकवचन किंवा समानार्थी शब्द आपणहून धरत नाही. ‘लोकल’ अडली, पण ‘लोकलचा’, ‘लोकलचे’, ‘गाडीचे’ मोकळेच! मराठीला विभक्तीचे प्रत्यय आहेत. प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. आणि ‘नोकरी’ बंद केल्यावर ‘नोकरी करणाऱ्या बायकांसाठी डबा’ हा शोधही बंद झाला. ज्यांच्यासाठी चूल पेटते त्यांच्याच तोंडावर आम्ही दार लावले होते! हे आमच्या नाही, पोळ्यांवरच्या बाईच्या ध्यानात आले.

मग ‘नोकरी’ काढून ‘डबा पोचवण्याची नोकरी’ असे शब्द अवतरणचिन्हांत बंद केले. ‘दादर घरगुती डबा’ फ्रेज मॅचमध्ये ठेवला. रोमन अक्षरांत लिहिणाऱ्यांसाठी तेच शब्द तशा अक्षरांतही घातले. दर शनिवारी दुपारची भांडी आवरली की शोधांची यादी मोठ्याने वाचली जाते, आणि कुठला शब्द अडवायचा यावर चौघींचे मत घेतले जाते.