मुक्या रोग्यांच्या दारात

माणसांच्या दवाखान्यात रोगी आणि तक्रार सांगणारा हे बहुधा एकच असतात. जनावरांच्या दवाखान्यात ते दोन असतात, आणि त्या दोघांचे एकमत असेलच असे नाही. कुत्र्याला काय होते आहे ते कुत्र्याला ठाऊक. मालक सांगतो ते त्याला स्वतःला काय वाटते ते. या दोहोंमधील अंतर सर्वांच्या आधी ज्याने ओळखावयाचे तो डॉक्टर नव्हे. दारालगतच्या मेजामागे बसून केसपेपर काढणारी, टेलिफोन घेणारी, पैसे मोजून घेणारी जी व्यक्ती असते, तिच्यावर ते काम येऊन पडते. तिच्यासाठी मराठीत 'स्वागतिका' असा एक गोंडस शब्द रूढ झाला आहे. शब्द वाईट नाही, पण तो हॉटेलात अधिक शोभेल. येथे स्वागत हा कामाचा सर्वांत लहान भाग आहे. आता हे काम पुरुषही करतात. तरी सोयीसाठी मी स्वागतिका असेच म्हणणार आहे.

हे मेज आपल्याकडे तसे नवे आहे. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्या काळचे मुख्य रोगी म्हणजे घोडे, बैल आणि दुभती जनावरे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आजही गाय खोड्यात उभी असते, आणि नाव-गाव लिहून घ्यायला बहुधा निराळा माणूस नसतो. शहरांत कुत्री-मांजरे अंगणातून घरात आणि घरातून पलंगावर आली, त्यांचे खाजगी दवाखाने वाढले, आणि दवाखान्यांबरोबर हे मेज आले.

मालक दवाखान्यात येतो तो रोगाचे नाव घेऊन येतो. "पोट बिघडले आहे", "ताप आहे", "सर्दी झाली आहे." यांत खोटेपणा नसतो. आपण आपल्या शरीरावरून जनावराचे अनुमान करतो, इतकेच. पण अनुमान कसे फसते पाहा. निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपला हात त्याच्या पोटाला लागला की ते गरम लागणारच. तेव्हा मेजामागच्या माणसाची पहिली कला म्हणजे रोगाचे नाव बाजूला ठेवून, मालकाला डोळ्यांनी काय दिसले ते त्याच्याकडून काढून घेणे. कधीपासून? किती वेळा? खाल्ले का? पाणी प्याला का? लघवी झाली का? प्रश्न साधे आहेत, पण त्यांतला एखादा चुकला तर काय होते याची दोन उदाहरणे विस्ताराने सांगतो.

पहिले उदाहरण मांजराचे. टेलिफोन येतो, "आमच्या मांजराला बद्धकोष्ठ झाले आहे. सकाळपासून मातीच्या ताटात जाऊन बसते, कुंथते, काही होत नाही. एरंडेल देऊ का?" नवशिकी स्वागतिका म्हणेल, "संध्याकाळी घेऊन या." जाणती स्वागतिका एकच प्रश्न विचारते, "बोका आहे की भाटी?" उत्तर 'बोका' असे आले की तिचा आवाज बदलतो. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खड्यांचे किंवा चिकट पदार्थाचे बूच बसले की लघवी कोंडते. मालकाला कुंथणे दिसते, ते शौचासाठी नसून लघवीसाठी असते. मूत्राशय तुडुंब भरते, लघवीवाटे बाहेर जावयाचे पोटॅशियम रक्तात साचते, आणि एक-दोन दिवसांच्या आत हृदय बंद पडू शकते. भाटीलाही लघवीची जळजळ होते, पण असा पूर्ण अडथळा तिच्यात विरळा. म्हणून त्या एका प्रश्नाला एवढे मोल आहे. "संध्याकाळी" या शब्दाने तो बोका दगावू शकतो, आणि "आत्ताच्या आत्ता निघा" या शब्दांनी वाचू शकतो. हा रोग अमुकच आहे असे मात्र तिने म्हणावयाचे नाही; ते डॉक्टरने पोट चाचपून ठरवावयाचे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण त्यात माणसाचा जीव गुंतलेला असतो. "कुत्र्याच्या घशात हाड अडकले आहे. जेवत नाही, लाळ गळते, आवाजही बदलला आहे." हाड खरोखरही अडकते, तेव्हा हा तर्क मूर्खपणाचा आहे असे नाही. पण पिसाळण्याचा रोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जो चावत सुटलेला कुत्रा येतो, ते त्या रोगाचे एकच रूप झाले. दुसरे रूप मुके असते. जबड्याचे आणि गळ्याचे स्नायू लुळे पडतात, जनावर कोपऱ्यात बसून राहते, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते. गाईम्हशींतही हेच घडते. गाय वैरण टाकते, हंबरणे घोगरे होते, आणि घरधनी काही अडकले असेल म्हणून तिच्या घशात हात घालून पाहतो. येथे स्वागतिकेचे प्रश्न ठरलेले असावेत. लस शेवटची केव्हा टोचली? गेल्या काही महिन्यांत दुसरा कुत्रा चावला होता का? आणि सर्वांत महत्त्वाचा: याच्या तोंडात घरातल्या कोणी हात घातला का? घातला असेल, हातावर ओरखडा असेल, लाळ लागली असेल, तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवा आणि आजच माणसांच्या रुग्णालयात जा, हे तिने तेथल्या तेथे सांगितले पाहिजे. कुत्र्याचे निदान होईपर्यंत थांबा, असे नव्हे. १८८५ साली पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचवली, तेव्हापासून चावा झाल्यावरही हा रोग टाळता येतो; परंतु माणसात लक्षणे दिसू लागली की आजही तो जवळजवळ निश्चितपणे मारतो. स्वागतिकेने स्वतःही ही लस आधीच टोचून घेतलेली असावी. ज्या दवाखान्यात झाडणाऱ्यापासून मेजावरच्या माणसापर्यंत सर्वांना ती दिलेली नाही, त्याच्या चालकाला मी तरी जबाबदार म्हणणार नाही.

आता एक प्रश्न असा, की ज्याचे खरे उत्तर पहिल्या खेपेला क्वचितच मिळते: "घरून काही औषध दिले का?" मालक आधी "नाही" म्हणतो. रागावून विचारले तर दुसऱ्यांदाही "नाही"च म्हणतो. सहज, जणू सगळेच देतात अशा सुरात विचारले, तर सांगतो, "तापाची अर्धी गोळी दिली होती." ती गोळी पॅरासिटामॉलची आणि रोगी मांजर असेल, तर पुढचे तास मोलाचे आहेत. आपले यकृत ज्या रीतीने हे औषध निकामी करते, ती शक्ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. औषधाचे विष होते, रक्त प्राणवायू वाहीनासे होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. माणसांच्या अंगदुखीच्या कित्येक गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडालाही अशाच घातक ठरतात. म्हणून येथे आवाजातला मऊपणा हा शिष्टाचाराचा भाग नसून तपासणीचे साधन आहे.

बाहेर बाकांवर बसलेल्या मंडळींना या मेजाचा राग येतो तो रांगेवरून. "आम्ही आधी आलो होतो." खरे आहे, पण येथे रांग आगमनाची नसते. खोल छातीचा मोठा कुत्रा, जर्मन शेफर्ड म्हणा की ग्रेट डेन, पोट ढोलासारखे फुगलेले, उमाळे येतात पण काहीच पडत नाही, असा आला तर त्याच्या जठराला पीळ पडलेला असू शकतो, आणि नखे कापायला आलेल्यांनी थांबलेच पाहिजे. त्याउलट, लस न टोचलेले, रक्ताची हगवण लागलेले पिल्लू आले तर त्याला आत घेण्याची घाई करावयाची नाही. त्याला रिक्षातच थांबवून डॉक्टरांना बाहेर बोलवावयाचे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीचिंगचे द्रावणच लागते. एका पिल्लाला बाकावर बसू दिले तर शेजारच्या चार पिल्लांना त्याची झळ लागते. एप्रिल-मे महिन्यांत पगसारखी चपट्या नाकाची कुत्री उष्माघाताने धापा टाकीत येतात. त्यांच्या मालकाला टेलिफोनवरच सांगावे की आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मग निघा.

"मागच्या वेळची गोळीच पुन्हा सांगा ना, तुम्हाला तर माहीत आहे!" ही विनवणी रोजची. तिला खरोखरच माहीत असते, आणि तरी तिने सांगावयाचे नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने औषधयोजना नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाची आहे. पैशांविषयी थोडक्यात: बहुतेक जनावरांचा विमा नसतो, तेव्हा खर्चाचा अंदाज आधी, स्पष्ट आणि आवाज न चढवता सांगणे हेच बरे. आकडा ऐकून जो रागावतो, त्याच्या खिशात बहुधा तेवढे नसतात.

राहिला शेवटचा प्रसंग. असाध्य दुखण्यातून जनावराला इंजेक्शनने सोडवण्याचे ठरते, तेव्हा त्या मालकाला उड्या मारणाऱ्या पिल्लांच्या बाकावर बसवू नये. वेळ गर्दी नसेल अशी द्यावी. संमतिपत्रावर सही आणि पैसे दोन्ही आधी घ्यावेत, म्हणजे नंतर डोळे पुसत त्याला मेजापाशी सुटे पैसे मोजीत उभे राहावे लागत नाही. पट्टा आणि साखळी विचारून परत द्यावी. काहींना ती हवी असते, काहींना पाहवत नाही. मग आणखी एक काम उरते, ते त्याच दिवशी उरकले पाहिजे. पुष्कळ दवाखान्यांत जनावराची नोंद त्याच्या नावापुढे मालकाचे आडनाव लावून होते, मोती जोशी, मनी कदम अशी, आणि लसीची तारीख जवळ आली की संगणक आपोआप निरोप धाडतो. ती नोंद बंद करावयाची राहिली, तर वर्षभराने जोशांच्या घरी संदेश येतो, की मोतीच्या लसीची वेळ झाली आहे, कृपया त्याला घेऊन या.