उपयोजित मानवशास्त्राचें अध्ययन

पोथी हातीं येतांच संशोधक प्रथम पुष्पिका पाहतो. लेखक कोण, शक कोणता, नक्कल कोणत्या प्रतीवरून उतरली, हें ठरल्यावांचून तो पाठाचा निर्णय करीत नाहीं. हीच शिस्त जिवंत माणसांच्या साक्षीस लावून तिचा उपयोग पुनर्वसन, आरोग्य, शिक्षण इत्यादि कार्यांत करावा, हें उपयोजित मानवशास्त्राचें प्रयोजन होय. अमेरिकेंत या शास्त्राची स्वतंत्र संस्था १९४१ सालीं निघाली व साउथ फ्लॉरिडा विद्यापीठानें १९७४ सालीं त्यांतील एम्. ए. चा अभ्यासक्रम सुरू केला.

अशा अध्ययनानें काय साधतें, हें समजण्यास कै. इरावतीबाई कर्वे यांचें उदाहरण पुरेसें आहे. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं त्यांनीं १९२८ सालीं चित्पावनांवर एम्. ए. चा प्रबंध लिहिला. पुढें बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्याकडे मानवी कवटीच्या असमानतेवर संशोधन करून डॉक्टरेट मिळविली. गुरूंची वंशभेदाची कल्पना मापांस पटेना. तेव्हां शिष्येनें मापांचीच साक्ष मानली. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजांत होत्या.

या शिक्षणाचें फळ १९६९ सालच्या ग्रंथांत दिसतें. त्यांत इरावतीबाई व जाई निंबकर यांनीं कोयना धरणानें विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी मांडली आहे. त्या काळच्या सरकारी दप्तरांत खातेदाराचें नांव व जमिनीचें क्षेत्र असे. परंतु भूमिहीन मजूर, सोयरिकीचीं गांवें, ग्रामदेवता यांस त्यांत रकाना नसे. आणि ज्याची नोंद नाहीं त्याची हानिही नाहीं, असाच दप्तराचा न्याय!

म्हणून या शास्त्राच्या विद्यार्थ्यानें गांवांत राहून वंशावळी, घरयादी व नकाशे तयार करावे, एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशीं ताडावी, आणि सांगणाराची संमति घ्यावी. शेवटीं अधिकाऱ्यास कळेल व करतां येईल असें लिहावें, हेंही त्यास शिकावें लागतें.

पोथीचा पाठ आपण चुकीचा लावला, तर पुढील संशोधक तो सुधारील. पोथीचें कांहीं बिघडत नाहीं. कुटुंब एकदां आपल्या भावकीपासून तुटून दूर वसविलें गेलें, म्हणजे ती चूक शुद्धिपत्रानें निस्तरत नाहीं. आमच्या वाचकांनींही पोथी आणतांना ती ज्या घरांतून मिळाली त्याची हकीकत, घरच्यांस विचारून, सोबत टिपून ठेवावी. तीही पुष्पिकाच होय.