करवतीचा दाता, वीस वेळा

मोहाडी-आंधळगावकडची कोशाची करवतकाठी साडी आपण पाहिलीच असेल. काठाचा दाता एकच. तोच पुन्हा पुन्हा. आमच्या भाचीने तो संगणकावर काढायला घेतला. ‘स्क्रॅच’ ही एम.आय.टी.ने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली भाषा. तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. तिरके जा, वळ, खाली ये, वळ: एका दात्याला चार ठोकळे. वीस दात्यांना ऐंशी रचायचे काय? छे! त्या चारांभोवती ‘वीस वेळा करा’ हा ठोकळा घातला की झाले.

पण काठ डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उमटला! म्हणून ‘अर्धा सेकंद थांबा’ आला. गंमत अशी, की तो वेढ्याच्या आतच हवा. बाहेर ठेवला तर शेवटी एकदाच थांबणे. आत घालताच दहा सेकंदांत दात्यामागून दाता उगवू लागला.

पारंपरिक करवतीला मात्र धोटे तीन: दोन काठांचे, एक अंगाचा. दर ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात हातानेच अडकवायचा. हे समजल्यावर यंदा आमच्या घरात करवतकाठी आली ती घासाघीस न होता.